यूकेत जुनी स्टीलची टूरिंग सायकल घेताना काय बघायचं आणि घरी आणल्यावर तिचं काय करायचं

इथे यूकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींचा एक प्रश्न सारखा येतो, की सामान लादून आठवडाभर फिरता येईल अशी सायकल हवी आहे पण नवीन टूरिंग सायकलचे भाव परवडत नाहीत, तर मग जुनी घ्यावी का. माझं उत्तर हो, नक्की घ्या, आणि स्टीलचीच घ्या. मी बऱ्याच जुन्या सायकली उघडल्यात आणि परत जोडल्यात आणि त्यातून एकच गोष्ट पक्की डोक्यात बसली आहे, ती सगळ्यात आधी सांगते: गंज दिसला म्हणून पळून जाऊ नका, अडकलेल्या पार्टला घाबरा. वरवरचा गंज दोन तासांत निघतो, पण सीटपोस्ट (सीटच्या खालचा दांडा) जर फ्रेममध्ये जाम झाली असेल तर तीच सायकल तुमचे चार वीकेंड खाते आणि शेवटी फ्रेम फेकायचीही वेळ येऊ शकते. बाकी चाकं, ब्रेक, गिअर, चेन सगळं बाजारात मिळतं.

आधी हे की इथे या सायकली एवढ्या मिळतात कशा. ब्रिटनमध्ये सायकलवर फिरायला जायची पद्धत फार जुनी आहे, आजची सायकलिंग यूके ही संस्था १८७८ साली हॅरोगेटला बायसिकल टूरिंग क्लब म्हणून सुरू झाली, आणि सत्तर ते नव्वदच्या दशकात इथल्या बहुतेक कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये एक तरी टूरिंग मॉडेल असायचंच. डॉझ गॅलेक्सी हे सगळ्यात ओळखीचं नाव, १९७१ पासूनचं, त्याच्यावरचं सुपर गॅलेक्सी, मग रॅलेची रँडोनर, क्लॉड बटलरची डेल्समन, होल्ड्सवर्थ. यातल्या कितीतरी सायकली थोड्याफार चालवून गॅरेजमध्ये टांगून ठेवलेल्या असतात आणि घर रिकामं करताना विकायला निघतात. ईबे, गमट्री, फेसबुक मार्केटप्लेस ही नेहमीची ठिकाणं आहेतच, पण तुमच्या गावात जुन्या सायकली दुरुस्त करून विकणारं एखादं वर्कशॉप असेल तर तिथे आधी जा, कारण तिथे सायकल हातात घेऊन बघता येते आणि पुढे तीच माणसं अवजारं पण वापरू देतात, हे फार कामाचं आहे.

टूरिंग सायकल ओळखायची कशी

जाहिरातीत कोणीही कशालाही टूरर म्हणतं, खाली वळलेलं हँडल दिसलं की झालं. तुम्ही फोटो मोठा करून चार गोष्टी बघा. पहिली म्हणजे मागच्या चाकाच्या एक्सलजवळ मडगार्ड आणि कॅरिअरचे स्क्रू लावायला भोकं आहेत का, दोन्ही बाजूंना दोन-दोन असतील तर उत्तम कारण एक मडगार्डला आणि एक कॅरिअरला. दुसरी म्हणजे पायडलच्या एक्सलपासून (क्रँक, म्हणजे पायडलचे दांडे, ज्यावर फिरतात तो) मागच्या एक्सलपर्यंतची लांबी, टूरिंगला ती साधारण ४४ ते ४६ सेंटीमीटर असते आणि रेसिंग फ्रेमला ४१च्या आसपास, आणि हा फरक फार महत्त्वाचा आहे कारण आखूड फ्रेमवर मागे बॅगा लावल्या की प्रत्येक पायडलला टाच बॅगेवर आपटते. तिसरी, टायर आणि फ्रेममध्ये जागा किती आहे, ३२ मिलिमीटरचा टायर आणि वर मडगार्ड बसलं पाहिजे, इथल्या पावसात मडगार्डशिवाय टूर करायची म्हणजे पाठ आणि बूट कायम ओले. चौथी म्हणजे ब्रेक, कँटिलिव्हर ब्रेकचे (चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळे हात असलेले) खुंट चिमट्याला, म्हणजे पुढच्या फोर्कला, आणि मागच्या नळ्यांना जोडलेले असतील तर ती फ्रेम खरंच सामान वाहायला बनवलेली आहे असं समजा. सत्तरच्या दशकातल्या सायकलींवर साइडपुल किंवा सेंटरपुल असतात, तेही चालतात, पण लोड घेऊन डोंगर उतरताना कँटिलिव्हर जास्त भरवशाचे.

मग फ्रेमवरचा स्टिकर. रेनल्ड्स ५३१ हे नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं, बर्मिंगहॅमच्या रेनल्ड्स कंपनीने १९३५ मध्ये आणलेलं मँगनीज-मॉलिब्डेनम स्टील, आणि त्याच्या बटेड नळ्या टोकांना जाड आणि मध्ये पातळ असतात म्हणून वजन कमी आणि चालवायला लवचीक. पण स्टिकरवर काय लिहिलंय ते पूर्ण वाचा. फक्त तीन मुख्य नळ्या ५३१ आणि त्याही प्लेन गेज, म्हणजे सगळीकडे सारख्या जाडीच्या, असा एक स्टिकर असतो, बटेड नळ्यांचा वेगळा असतो, आणि सगळ्यात वरचा तो ज्यावर नळ्या, चिमटा आणि मागचे स्टे (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या बारीक नळ्या) सगळंच ५३१ असल्याचं लिहिलेलं असतं. ५३१ एसटी दिसलं तर ते खास टूरिंगसाठीचं. ५०१ हे क्रोममॉलीचं, थोडं स्वस्त आणि जड, पण सामान घेऊन जायला त्यात काहीच वाईट नाही आणि माझं स्पष्ट मत आहे की चांगल्या अवस्थेतली ५०१ ही जाम झालेल्या ५३१पेक्षा कधीही चांगली. अजून एक, गॅलेक्सी नावाने अलीकडे अॅल्युमिनियमची मॉडेल्सही आली, त्यामुळे खिशात फ्रिजवरचा एक छोटा लोहचुंबक ठेवा आणि नळीला लावून बघा.

साइजच्या बाबतीत तडजोड करू नका, इथे आपली माणसं सगळ्यात जास्त फसतात. बाजारात येणाऱ्या बऱ्याच फ्रेम २३ इंच आणि त्याच्या वरच्या असतात. तुमची उंची साडेपाच फुटांच्या आसपास असेल तर २० ते २१ इंच बघा, आणि नक्की करायचं तर भिंतीला टेकून अनवाणी उभं राहा, पायांच्या मधे पुस्तक वर दाबून धरा, जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंतचं माप सेंटीमीटरमध्ये घ्या आणि त्याला ०.६६ ने गुणा, येईल तो आकडा सीट ट्यूबच्या, म्हणजे सीटखालच्या उभ्या नळीच्या लांबीचा, फ्रेमची साइज तीच. ७६ आलं तर साधारण ५० सेंटीमीटर. दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं राहिल्यावर दांडी टोचता कामा नये. ज्यांची उंची कमी आहे त्यांनी नव्वदच्या दशकातल्या, सस्पेन्शन नसलेल्या स्टीलच्या माउंटन बाइक पण बघाव्यात, मरिन म्यूरवुड्स किंवा कोना लाव्हा डोम सारख्या, २६ इंची चाक, लहान साइज मिळतात, गिअर आधीच हलके असतात आणि कॅरिअर लावायची भोकं पण बऱ्याचदा असतात. टूरिंगला त्या खरोखर छान चालतात आणि भाव पण कमी.

विकणाऱ्याला फोनवरच विचारायचे प्रश्न

सीट वर-खाली होते का, तुम्ही स्वतः शेवटची कधी हलवली. हँडल वर-खाली होतं का. एवढं विचारलं तरी अर्ध्या सायकली गळतात आणि प्रवास वाचतो. उत्तर गोलमोल आलं तर मी जात नाही. आणि फ्रेम नंबर मागून घ्या, तो बहुतेक पायडलच्या एक्सलच्या खाली कोरलेला असतो, बाइकरजिस्टरच्या साइटवर तो टाकला की चोरीची म्हणून नोंद आहे का ते कळतं. नंबर खरवडलेला असेल तर कितीही स्वस्त असो, घेऊ नका, कोणाची तरी सायकल आहे ती.

भावाचं म्हणाल तर ऐंशीच्या दशकातली चालू अवस्थेतली गॅलेक्सी साधारण १०० ते २५० पौंडांत बघायला मिळते, पण त्यावर नवीन टायर, चेन, केबल, ब्रेक पॅड हा खर्च धरूनच चला, तो चुकत नाही.

प्रत्यक्ष बघायला गेल्यावर

सोबत न्या अॅलन कीचा सेट, एक अॅडजस्टेबल पाना, मोजपट्टी, लोहचुंबक, आणि दोन-तीन मीटर सुतळी. मालकाची परवानगी घेऊन आधी सीटपोस्टचा बोल्ट सैल करून सीट हलवून बघा. मग हँडलच्या स्टेमचा (हँडल फ्रेममध्ये धरणारा दांडा) वरचा बोल्ट तीन-चार फेरे सैल करा, त्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीने हलकं ठोका, आतली पाचर सुटली की हँडल फिरायला पाहिजे. हे दोन हलले की अर्धी लढाई जिंकली. दोन्ही परत घट्ट करायला विसरू नका.

आता समोरून धडकलेली आहे का ते बघायचं. पुढची हेड ट्यूब (हँडलखालची आखूड नळी) जिथे दांडीला आणि खालच्या नळीला मिळते, त्याच्या मागे एक-दोन इंचावर नळीच्या खालच्या बाजूने बोट फिरवा. डोळ्यांना न दिसणारी लाट किंवा फुगवटा बोटाला लागतो, रंगाला तिथे आडवी बारीक चीर असते. असं काही लागलं तर सरळ निघून या, ती फ्रेम दुमडायला सुरुवात झालेली आहे. चिमटा बाजूने बघा, तो वरून सरळ येऊन खाली पुढे वळला पाहिजे, वरच मागे ढकलल्यासारखा दिसत असेल तर वाकलाय. मग सुतळी: मागच्या एका बाजूच्या एक्सलच्या खाचेपासून सुरू करून हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या खाचेपर्यंत ताणून बांधा आणि सीट ट्यूबपासून दोन्ही सुतळ्यांचं अंतर मोजा. एक-दोन मिलिमीटरचा फरक असेल तर दुरुस्त होतो, त्याहून जास्त असेल तर भाव पाडा किंवा सोडून द्या.

पुढचं चाक उचलून हँडल हळू हळू डावी-उजवीकडे फिरवा. बरोबर मधे येऊन खटकन अडकल्यासारखं झालं तर हेडसेटच्या (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) वाट्यांना खड्डे पडलेत, हेडसेट बदलावा लागेल, फार मोठं काम नाही. रिमच्या कडेवर पट्टी टेकवून बघा, आत खोलगट झालेली असेल तर ब्रेकने झिजलेली आहे आणि चाक बदलायचं. स्टीलच्या क्रोम रिम असतील तर त्या बदलायच्याच, पावसात त्यांच्यावर ब्रेक लागायला इतका वेळ जातो की लोड घेऊन उतारावर मी कोणालाच तो धोका घ्यायला सांगणार नाही.

गंजाचं सांगायचं तर रंग उडालेल्या जागी तपकिरी ठिपके असणं ठीक आहे. बघायची जागा म्हणजे बॉटम ब्रॅकेटच्या (क्रँकचा एक्सल आणि त्याचे बेअरिंग बसतात ती जागा) आसपास, मागच्या दोन नळ्यांच्या मधली आडवी पट्टी आणि सीट काढल्यावर आत टॉर्च मारून दिसणारी नळी. रंग फुगून वर आला असेल तर नखाने किंवा स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबा, कडक लागलं तर ठीक, आत जायला लागलं तर सोडा.

आणि बॉटम ब्रॅकेटचा थ्रेड, म्हणजे आटे. ब्रिटिश सायकलींना बहुतेक १.३७ इंच २४ टीपीआयचा (एका इंचात २४ आटे) इंग्लिश थ्रेड असतो आणि त्याचे पार्ट आजही सहज मिळतात. पण नॉटिंगहॅमला बनलेल्या जुन्या रॅलेच्या बऱ्याच सायकलींना २६ टीपीआयचा स्वतःचा थ्रेड आहे, आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या प्यूजोंना फ्रेंच थ्रेड, त्यांचे पार्ट शोधावे लागतात आणि महाग पडतात. पहिलीच सायकल असेल तर त्या वाटेला जाऊ नका. क्रँकला कॉटर पिन दिसली तर, आपल्याकडच्या काळ्या सायकलीला असायची तीच, तीपण अडकलेल्या पार्टमध्येच धरा, हातोडीने ठोकून काढायला गेलं की वाकते, त्याला प्रेस लागतो.

घरी आणल्यावर

पहिल्या दिवशी काही उघडायचं नाही. प्रत्येक बाजूने फोटो काढा, केबल कुठून कुठे जाते, वायसर कुठल्या क्रमाने आहेत, सगळं. मग प्रत्येक थ्रेडवर, सीटपोस्टच्या भोवती, पायडल जिथे क्रँकमध्ये बसतं तिथे पेनिट्रेटिंग ऑइल (जाम थ्रेडमध्ये शिरणारं तेल) सोडा आणि एक रात्र तशीच ठेवा. घाईने पाना लावला की बोल्टची डोकी गोल होतात आणि मग ते ड्रिल करायला लागतात.

उघडताना क्रम महत्त्वाचा आहे. आधी पायडल, क्रँक जोडलेली असतानाच, कारण तेव्हा धरायला लिव्हर मिळतो. डाव्या पायडलचा थ्रेड उलटा असतो, सोपी खूण म्हणजे पाना पायडलपासून वरच्या दिशेला उभा धरायचा आणि मागच्या चाकाकडे ओढायचा, दोन्ही बाजूंना असंच सैल होतं. मग क्रँक, त्याला क्रँक पुलर लागतो, २२ मिलिमीटरचा बहुतेकांना चालतो पण जुन्या फ्रेंच स्ट्राँगलाइट आणि टीए क्रँकला वेगळा. पुलर लावायच्या आधी बोल्टच्या खालचा वायसर काढलाय ना ते बघा, तो आत राहिला तर पुलर त्याच्यावरच दाब देतो आणि क्रँकचे थ्रेड निघून येतात. पुलर हाताने पूर्ण आतपर्यंत फिरवायचा आणि मगच जोर लावायचा. बॉटम ब्रॅकेटची उजवी वाटी इंग्लिश थ्रेडमध्ये उलटी असते, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरवली की सैल होते, हे न कळल्यामुळे माणसं तासभर ती अजून घट्ट करत बसतात.

मागचं फ्रीव्हील (मागच्या चाकाच्या दातेरी चक्रांचा गठ्ठा) काढायचं असेल आणि चाक बदलायचं म्हणून स्पोक तोडणार असाल, तर त्याआधी काढा, नंतर ते धरायला काहीच उरत नाही. तुमच्या फ्रीव्हीलला कुठला रिमूव्हर लागतो ते नीट बघून घ्या, सनटूरला दोन किंवा चार दातांचा आणि शिमानोला खाचांचा, तो बसवून एक्सलच्या नटने जागेवर दाबून धरा, बाक-व्हाइसमध्ये (टेबलाला लावलेल्या शिकंज्यात) रिमूव्हर पकडा आणि चाकच स्टिअरिंगसारखं डावीकडे फिरवा. पहिल्या झटक्याला सुटलं की नट लगेच सैल करा.

सीटपोस्ट जाम असेल तर

हे सगळ्यात सविस्तर सांगते कारण इथेच लोक फ्रेम गमावतात. अॅल्युमिनियमची पोस्ट स्टीलच्या नळीत वर्षानुवर्षं ग्रीसशिवाय, घाम आणि पावसाच्या पाण्यात राहिली की दोन धातूंमध्ये रासायनिक क्रिया होऊन अॅल्युमिनियमचा पांढरा ऑक्साइड तयार होतो, तो जागा जास्त घेतो आणि पोस्ट आत घट्ट बसते. तर आधी बोल्ट पूर्ण काढा, वरून पेनिट्रेटिंग ऑइल सोडा, मग बॉटम ब्रॅकेट काढून सायकल उलटी टांगा आणि खालूनही नळीत सोडा. रोज थोडं, आठवडाभर. मग सीट काढून पोस्टचं वरचं टोक मजबूत बाक-व्हाइसमध्ये पकडा आणि फ्रेमच दोन्ही हातांनी हळूहळू डावी-उजवीकडे पिळा, फ्रेम एवढी लांब असते की भरपूर ताकद मिळते. फ्रेमची नळी व्हाइसमध्ये कधीच पकडू नका, ५३१च्या बटेड नळीचा मधला भाग पातळ असतो आणि चेपतो.

तरी नाही हलली तर थंड करा. अॅल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त आकुंचन पावतं, त्यामुळे फ्रीझ स्प्रे किंवा पोस्टच्या पोकळीत बर्फ भरला की ती बारीक होते. बरेच जण उलट करतात, हीट गनने तापवतात, त्याने पोस्ट अजून फुगते, पण तापवून लगेच थंड करणं असं दोन-चार वेळा केलं तर कधीकधी मधली पकड सुटते, रंगाची काळजी घेऊन करा. शेवटून दुसरा उपाय म्हणजे पोस्ट वरून कापून हॅक्सॉच्या पात्याने आतून उभी चीर पाडायची, नळीला लागू न देता, आणि मग पोस्टची भिंत आत दुमडून काढायची. कंटाळवाणं आहे पण होतं. आणि अगदी शेवटचा म्हणजे कॉस्टिक सोडा, तो अॅल्युमिनियम विरघळवतो आणि स्टीलला हात लावत नाही, पण त्यातून हायड्रोजन वायू निघतो, कातडी भाजते, डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते आणि फ्रेमचा रंग पण उतरतो. हे ज्याने आधी केलेलं आहे अशा माणसाकडूनच करून घ्या, फ्लॅटच्या बाथरूममध्ये अजिबात नाही.

निघाल्यावर नवीन पोस्ट घेताना जुनीवर कोरलेला आकडा बघा, बटेड ५३१ला बहुतेक २७.२ असतो पण २६.८, २७.० पण असतात, आणि ०.२ने चुकीची घातली तरी फ्रेमचं वरचं टोक वाकतं. नवीन घालताना ग्रीस भरपूर लावा आणि वर्षातून दोनदा काढून परत लावा.

गंज आणि रंग

माझा आग्रह आहे की मूळ रंग आणि स्टिकर शक्य तेवढे ठेवा. पावडर कोटिंग करून नवी दिसते खरी, पण त्याआधी फ्रेमला ब्लास्ट करतात, पातळ नळ्यांवर ते जपून करावं लागतं, आणि जुने स्टिकर गेले की परत येत नाहीत. रंग उडालेल्या जागी बारीक सँडपेपरने गंज काढायचा, व्हाइट स्पिरिटने पुसायचं, प्राइमर आणि मग जवळचा रंग ब्रशने. क्रोमवरचा गंज किचनमधली अॅल्युमिनियम फॉइल चुरगाळून पाण्यात बुडवून घासली की निघतो. लहान स्टीलचे पार्ट, बोल्ट, वायसर ऑक्झॅलिक अॅसिडच्या पाण्यात रात्रभर टाकले की स्वच्छ होतात, पण ते विषारी आहे, हातमोजे घाला, मुलांपासून लांब ठेवा, नंतर बेकिंग सोड्याच्या पाण्यात धुवा आणि लगेच वाळवून तेल लावा नाहीतर दुसऱ्या दिवशी परत गंजतात. फ्रेमच्या आत वॅक्सॉइल सारखं काहीतरी मेणाचं फवारा, सगळ्या नळ्यांत, आणि फ्रेम उलटी-सुलटी करत फिरवा. बाहेरून कितीही चकाचक असली तरी स्टीलची फ्रेम आतून गंजून मरते.

छर्रे, चाकं, गिअर

सगळे बेअरिंग उघडून जुनं ग्रीस पुसून नवीन छर्रे टाका, जुने परत घालू नका, एवढे स्वस्त आहेत की प्रश्नच नाही. बहुतेक सायकलींना मागच्या हबला १/४ इंची प्रत्येक बाजूला ९, पुढे ३/१६ इंची १०-१०, बॉटम ब्रॅकेटला १/४ इंची ११-११ लागतात. कोन (एक्सलवरचा निमुळता भाग, छर्रे ज्यावर फिरतात) आणि वाटीवर टॉर्च मारून बघा, गुळगुळीत चमकती रेघ असेल तर चांगलं, खड्डे असतील तर कोन बदला. मी बॉटम ब्रॅकेट मात्र उघडून जपत बसत नाही, शिमानोचं सीलबंद कार्ट्रिज टाकते, जुन्या एक्सलची लांबी मोजून तेवढ्याचंच घ्यायचं, नाहीतर चेनची लाइन बिघडते.

आता मागचं चाक, इथे विचार करून निर्णय घ्या. ऐंशीच्या दशकातल्या सायकलींना मागे दोन खाचांमध्ये बहुतेक १२६ मिलिमीटर रुंदी आणि स्क्रूचं फ्रीव्हील असतं. त्यात उजव्या बाजूचं बेअरिंग फ्रीव्हीलच्या आत, टोकापासून बरंच लांब राहतं, त्यामुळे जड सामान असलं की एक्सल वाकतो किंवा तुटतो. शनिवारी-रविवारी फिरायला ठीक आहे, पण २० किलो लादून स्कॉटलंडला जायचं असेल तर फ्रीहबचं (फिरता भाग हबमध्येच असलेलं), ३६ स्पोकचं चाक बसवा, त्यात बेअरिंग टोकाजवळ असतं. रोड हब १३० आणि एमटीबी हब १३५ मिलिमीटरचा. १३०चं चाक १२६च्या फ्रेममध्ये हाताने जरा फाकवून बसतं, १३५साठी फ्रेम कायमची फाकवावी लागते आणि स्टीलमध्येच हे करता येतं, अॅल्युमिनियम आणि कार्बनवर चुकूनही करू नका. अमेरिकेतले मेकॅनिक शेल्डन ब्राउन यांनी लाकडाच्या लांब फळीने हे घरी कसं करायचं ते सविस्तर लिहून ठेवलंय, पण दोन्ही बाजू सारख्या फाकल्यात हे सुतळीने दर वेळी तपासायला लागतं आणि शेवटी खाचा एकमेकींना समांतर करून घ्याव्या लागतात, ते काम फ्रेमवाल्या दुकानात द्यावं असं माझं मत.

चाकं बदलायचीच असतील तर २७ इंचीवरून ७००सी या आजच्या नेहमीच्या मापावर जा. रिमच्या त्रिज्येत फक्त ४ मिलिमीटरचा फरक आहे, ब्रेक पॅड तेवढे खाली सरकतात का ते आधी बघा, कँटिलिव्हरला बहुतेक सरकतात. २७ इंचीला चांगले टायर अजून मिळतात, श्वालबे मॅरेथॉन येतो, पण ज्यांना पुढे सायकल भारतात न्यायची आहे त्यांनी ७००सीच करा, हायब्रिड सायकलींमुळे पुण्या-मुंबईत ते टायर सहज मिळतात. दिसायला बरे आहेत म्हणून जुने टायर मात्र ठेवू नका, कडेला बारीक भेगा असतात. स्पोक बघा आणि आउट काढून घ्या, जमत नसेल तर तेवढ्यासाठी दुकानात द्या.

गिअर मूळचे जड असतात, पुढे सगळ्यात लहान चक्र २८ दातांचं आणि मागे सगळ्यात मोठं २८ दातांचं म्हणजे पायडलच्या एका फेऱ्याला २७ इंची चाकाएवढं अंतर. पुढे २६ आणि मागे ३४ केलं तर तेच २१ इंचांच्या आसपास येतं आणि लेक डिस्ट्रिक्टमधली हार्डनॉट पास, जिथे चढ एकास तीनपर्यंत जातो, तिथे नाही तरी बाकी सगळीकडे बसून चढता येतं. आपला आंबेनळी घाट तर नक्कीच. ३४ दातांना लांब पिंजऱ्याचा मागचा डेरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा) लागेल. खालच्या नळीवरचे फ्रिक्शन लिव्हर (खटके नसलेले गिअरचे लिव्हर) काढू नका, ते ७ किंवा ८ चक्रांच्या कुठल्याही कॅसेटवर (फ्रीहबवर बसणारा चक्रांचा गठ्ठा) चालतात आणि बिघडायला त्यात काही नाहीच. चेन मोजायला पिनपासून पिनपर्यंत १२ इंच धरा, १/१६ इंच जास्त भरली तर चेन बदला, १/८ भरली तर फ्रीव्हील पण झिजलेलं असणार.

ब्रेकचे पॅड, सगळ्या केबल आणि त्यांची आवरणं न विचार करता नवीन. कँटिलिव्हरचे खुंट साफ करून ग्रीस, चाक फिरवून पॅड रिमलाच लागतोय, टायरला नाही, हे तपासा.

रस्त्यावर काढल्यावर

पहिल्या १०-१५ किलोमीटरनंतर क्रँकचे बोल्ट परत घट्ट करा, चौकोनी एक्सलवर क्रँक थोडी आत बसते आणि सैल चालवली तर क्रँकचं भोक कायमचं खराब होतं. स्टेम आणि सीटपोस्टवरची किमान खोलीची रेघ आत गेलेली आहे ना बघा. मग रिकाम्या सायकलवर समाधान मानू नका, बॅगा लावून, त्यात खरंच तेवढं वजन भरून एखाद्या रिकाम्या उतारावर जाऊन या. हँडल थरथरायला लागलं तर मागचं थोडं वजन पुढच्या बॅगांत हलवा, बॅगा घट्ट बांधा, आणि तरी थरथरलं तर हेडसेट सैल आहे का ते तपासा.

कॅरिअर शक्यतो स्टीलचा घ्या, ट्यूबसचे महाग आहेत पण टिकतात. उजव्या बाजूचा खालचा बोल्ट लांब पडला तर आतून फ्रीव्हीलच्या लहान चक्रावरच्या चेनला घासतो, तो बरोबर लांबीचा कापून घ्या, थ्रेडलॉक लावा, आणि टूरवर रोज सकाळी निघायच्या आधी चारही बोल्ट हाताने चाचपून बघा.